चौथऱ्यावरचे इंजिन आणि दिवाळीची घाई

या महिन्यात वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत. खानदेशात निरनिराळ्या ठिकाणी राहणाऱ्या, एकमेकांना बहुधा न ओळखणाऱ्या चार जणांनी वाफेच्या जुन्या इंजिनांविषयी विचारावे, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्या विषयाला दिले आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पंधरा-सोळा जण दर रविवारी एका नॅरोगेज वाफेच्या इंजिनाची साफसफाई करतो. निम्मे रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, बाकीचे आयटीआयमधील तरुण. इंजिन कैक वर्षे चौथऱ्यावर उभे आहे. साफसफाई आणि रंगकाम यांची लेखी परवानगी आम्हांला मिळाली आहे. गंज खरवडल्यावर चाके, दांडे, सिलिंडर सारे शाबूत दिसते. दिवाळीपर्यंत कोळसा पेटवून ते निदान शंभर पावले तरी चालवावे, असा तरुणांचा हट्ट आहे. ज्येष्ठ म्हणतात, घाई नको. कोणाचे ऐकावे? (पाचोरा तालुका)

उत्तर : ज्येष्ठांचे ऐकावे, परंतु त्यांचे कारण तरुणांना नीट समजावून सांगावे, कारण नुसते ‘घाई नको’ म्हटल्याने विशीतला माणूस थांबत नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही रास्त नाही.

आपल्याकडच्या जुन्या घरांत न्हाणीघरापाशी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. इंजिनाचा बॉयलर म्हणजे याच बंबाचा आडवा झालेला, शेकडो पटींनी मोठा भाऊ. एका टोकाला फायरबॉक्समध्ये कोळसा जळतो, तिथले तप्त वायू लांबच लांब नळ्यांमधून दुसऱ्या टोकाच्या स्मोकबॉक्सकडे जातात आणि धुरांड्यातून बाहेर पडतात. पाणी या नळ्यांच्या बाहेर, त्यांना वेढून असते. फरक एवढाच, की बंबाचे झाकण सैल असते आणि बॉयलरला झाकणच नसते. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजी या मोठ्या इंजिनांत वाफेचा दाब चौरस इंचाला २१० पौंडांपर्यंत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेपंधरा किलोंच्या आसपास ठेवला जाई. नॅरोगेजच्या लहान इंजिनांत तो त्याहून कमी असे, पण धोक्याची जात तीच. २१० पौंड दाबाखाली पाणी १०० नव्हे, तर सुमारे २०० अंश सेल्सिअसला उकळते. असा बॉयलर कुठे फाटला, तर आतला दाब क्षणात जातो, त्या तापलेल्या पाण्याचा मोठा वाटा त्याच क्षणी वाफ होतो, आणि बाहेरच्या हवेच्या दाबाला वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. ती जागा मग ती स्वतः करून घेते.

आपण लिहिता की सारे शाबूत दिसते. अडचण ‘दिसते’ या शब्दातच आहे. बॉयलरचा गंज आतून खातो. चौथऱ्यावर उभ्या इंजिनाच्या धुरांड्यातून दर पावसाळ्यात पाणी आत जाते, स्मोकबॉक्सच्या तळाशी साचलेल्या जुन्या राखेत आणि काजळीत मुरते, त्या राखेतल्या गंधकामुळे आम्ल तयार होते, आणि तळाचा जाड पत्रा वर्षानुवर्षे कुरतडला जातो. बाहेरून काळाभोर, चकचकीत रंग. बोटाने दाबावे तर पापुद्रे निघतात, असा स्मोकबॉक्स मी स्वतः पाहिला आहे. बॉयलरच्या पोटाचा खालचा भाग, फायरबॉक्सच्या तळाची चौकट आणि नळ्यांची फायरबॉक्सकडची टोके या तीन जागांवर माझा सर्वांत कमी भरवसा आहे. येत्या रविवारचे पहिले काम म्हणून धुरांड्यावर घट्ट झाकण बसवा आणि स्मोकबॉक्समधली राख कोरडी असतानाच काढून टाका. त्याला दिवाळीची वाट पाहू नये.

आता बॉयलर खरोखर पेटवायचा असेल, तर काय करावे लागते ते क्रमाने सांगतो. सर्व नळ्या काढाव्या लागतात, कारण त्या असताना आत माणसाची नजर पोहोचत नाही. आतला पत्रा खरवडून स्वच्छ केल्यावर त्यावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत अल्ट्रासोनिक यंत्राने जाडी मोजतात आणि वहीत लिहितात. फायरबॉक्सच्या आतल्या व बाहेरच्या पत्र्याला जोडून ठेवणारे शेकडो स्टेबोल्ट असतात. ते एकेक करून छोट्या हातोडीने वाजवून पाहतात. धड बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द बोलतो. हा फरक कागदावर शिकवता येत नाही. उमेदवारीच्या काळात मला एका वयस्क बॉयलर मेकरने डोळे मिटायला लावून बोल्ट वाजवून दाखवले होते, आणि पहिले दोन दिवस मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. तिसऱ्या दिवशी दुपारी एकदम कान उघडले. आपल्या गटात निवृत्त लोको फिटर किंवा बॉयलर मेकर असेल, तर आयटीआयच्या मुलांना हे ऐकवणे हीच दिवाळीची मोठी भेट ठरेल.

मोजमापे हाती आल्यावर पात्र अभियंत्याने हिशेब करून सांगावे लागते, की उरलेल्या जाडीवर किती दाब सुरक्षित आहे. त्यानंतर बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता, नेहमीच्या दाबापेक्षा अधिक दाब देतात. अमेरिकेत हा चाचणीचा दाब कमाल परवानगीच्या दाबाहून २५ टक्के जास्त असतो. पाणीच का, असे तरुण विचारतील. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे त्यात शक्ती साठत नाही. सांधा फुटला तर चिळकांडी उडते आणि दाब खाली येतो. वाफ किंवा हवा असती, तर त्याच सांध्याने माणूस मारला असता. पाण्याची परीक्षा उतरल्यावरच पहिला जाळ, तोही अगदी मंद, कारण जाड आणि पातळ पत्रे सारख्या वेगाने प्रसरण पावत नाहीत आणि घाईने तापवलेल्या बॉयलरचे सांधे आपोआप गळू लागतात. चालत्या इंजिनांनाही थंड अवस्थेतून वाफ धरायला बरेच तास दिले जात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या वेळी तर एक-दोन दिवस सहज जातात.

एवढे करूनही काम संपत नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरची १,४७२ सेवादिवसांनी (म्हणजे जाळ करून वाफ धरलेल्या दिवसांनी) किंवा १५ वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, नळ्या काढून पुन्हा मुळापासून तपासणी होते. हौशी मंडळींनी हे सारे पेलले आहे. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवून दाखवली आणि पुढे जगभरच्या अशा प्रयत्नांना तिने वाट करून दिली. इंग्लंडमधील एका विश्वस्त संस्थेने तर ‘टॉर्नेडो’ हे वाफेचे मोठे इंजिन लोकवर्गणीतून कोरेकरकरीत बांधले. १९९० साली घेतलेला संकल्प २००८ मध्ये पुरा झाला. त्यातली एक गोष्ट मी आपल्या गटापुढे मुद्दाम ठेवतो. इतकी जिद्द असलेल्या त्या मंडळींनी बॉयलर मात्र स्वतः केला नाही. जर्मनीतील मायनिंगेन येथील जाणत्या कारखान्याकडून तो करून घेतला. आपल्या हाताबाहेरचे काम कोणते, हे त्यांना माहीत होते.

आपल्याकडेही उदाहरण आहे. १८५५ साली लीड्स येथे घडलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन १९०९ मध्ये सेवेतून निवृत्त झाले आणि १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावले. हरियाणातील रेवाडी येथील वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये आजही काही इंजिने चालत्या स्थितीत ठेवली जातात. आपल्या गटातील दोघा-चौघांनी तिथे जाऊन, परवानगी घेऊन, आठवडाभर नुसते पाहावे. खानदेशातही हात आहेत. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात उच्च दाबाच्या बॉयलरांवर काम केलेले वेल्डर आणि तपासनीस या भागात राहतात, साखर कारखान्यांचे बॉयलर अटेंडंट आहेत. त्यांना बोलवा, त्यांना विचारा. परंतु अधिकृत तपासनीसाने पद्धत मंजूर करेपर्यंत बॉयलरच्या पत्र्याला वेल्डिंगची कांडी लावू देऊ नका, मग वेल्डर कितीही निष्णात असो.

या काळात तरुणांना कामच नाही असे मुळीच नाही. दांडे उतरवून त्यांची बेअरिंगे पाहणे, ब्रेकच्या जोडण्या मोकळ्या करणे, पाण्याची टाकी आतून साफ करणे, प्रत्येक सुट्या भागाला क्रमांकाची पत्र्याची चकती बांधून त्याचे छायाचित्र व माप नोंदवणे, हे सारे बॉयलरइतकेच आवश्यक आहे आणि पूर्णपणे आपल्या आवाक्यातले आहे. चाके जाम असतील तर कोणीतरी उत्साहाने ट्रॅक्टर किंवा जेसीबी आणील. तो परत पाठवा. सिलिंडरमध्ये गंजाने चिकटलेला पिस्टन ओढला तर पिस्टन रिंगा तुटतात, सिलिंडरला चरे पडतात आणि दांडा वाकतो. पातळ तेल सोडून आठवडेच्या आठवडे थांबावे, आणि चाकाला पहारीने बोटभर पुढे, बोटभर मागे हलवून पाहावे.

राहिला प्रश्न चालवायचे कुठे. पाचोरा-जामनेरची आपली लाडकी गाडी ७६२ मिलिमीटर मापाच्या रुळांवर सुमारे शंभर वर्षे धावली, २०२० मध्ये थांबली, आणि तो मार्ग आता ब्रॉडगेजसाठी मंजूर झाला आहे. ब्रॉडगेजचे माप १,६७६ मिलिमीटर. तेव्हा नॅरोगेज इंजिनासाठी आवारातच थोडा रूळ राखून ठेवावा लागेल, आणि तशी लेखी मागणी आजच करावी, कारण जुना रूळ एकदा भंगारात गेला की तो परत मिळवणे फार अवघड होते. आपल्याला मिळालेली परवानगी साफसफाई आणि रंगकामापुरती आहे, हेही ध्यानात असू द्यावे. भाग उतरवण्यासाठी, आणि पुढे जाळ करण्यासाठी, स्वतंत्र परवानगी लागेल.

प्रश्न : माझा मुलगा अशाच एका इंजिनाच्या दुरुस्तीला सुट्टीच्या दिवशी जातो. मागच्या रविवारी त्यांनी बॉयलरवरचा बाहेरचा पत्रा काढला. आत पिंजलेल्या कापसासारखा पांढरट-करडा थर होता, तो मुलांनी हातांनी ओरबाडून पोत्यांत भरला. मुलगा घरी आला तेव्हा शर्टावर, केसांवर पांढरी धूळ होती. ही धूळ धोक्याची आहे का? (अमळनेर)

उत्तर : ताई, होय, हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता मी आपल्याला पत्राने कळवले आहेच. ज्या कोणी वाचकांच्या गावी असे काम सुरू असेल, त्यांच्यासाठी ते इथे पुन्हा सांगतो.

बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या अंगावर एक जाड थर देऊन वरून पातळ पत्रा गुंडाळत. जुन्या इंजिनांत हा थर बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉसचा असे. कापूस आणि जिनिंग यांच्या मुलखात वाढलेल्या आपल्या मुलांना पांढऱ्या तंतूंची भीती वाटत नाही, आणि म्हणूनच मला त्यांची अधिक काळजी वाटते. ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक असतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यांतून होणारे आजार, म्हणजे फुप्फुसे ताठरणे, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग, वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उमटतात. एका रविवारच्या संपर्काने आजार होईलच असे नाही, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण दुसरा रविवार तसा जाता कामा नये.

काम ताबडतोब थांबवावे. उघडा पडलेला थर पाण्याच्या बारीक फवाऱ्याने ओला करून जाड प्लॅस्टिकने झाकावा. झाडू मारू नये आणि हवेचा झोत तर अजिबात मारू नये. भरलेली पोती ओली करून दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करावीत, आणि त्यांचे पुढे काय करायचे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारावे. उकिरड्यावर किंवा नाल्यात ती जाऊ नयेत. थराचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. तोवर तो ॲस्बेस्टॉसच आहे असे धरून चालावे. मुलाचे त्या दिवसाचे कपडे झटकू नका; ओले करून वेगळे धुवा, आणि उपरणे किंवा रुमाल तोंडाला बांधल्याने या तंतूंपासून रक्षण होत नाही हे त्याला आवर्जून सांगा. ॲस्बेस्टॉस काढण्याचे काम प्रशिक्षित माणसांचे आहे. नवा थर आता काचतंतूंचा किंवा तत्सम सुरक्षित पदार्थाचा देता येतो, त्यामुळे इंजिनाचे काही अडत नाही.

याच ओघात आणखी एक सांगून ठेवतो. जुन्या रंगाखालचा शेंदरी थर पुष्कळदा शिशाचा असतो. तो कोरडा घासू नये, ओला ठेवून काढावा, आणि त्या हातांनी भाकरी खाऊ नये.

प्रश्न : माझे वडील भुसावळला वाफेच्या इंजिनांवर आधी फायरमन आणि नंतर ड्रायव्हर होते. आता ते ८६ वर्षांचे आहेत. इंजिन दुरुस्त करणाऱ्या एका गटाला त्यांची मदत हवी आहे, पण ते शिडीही चढू शकत नाहीत. त्यांचा काय उपयोग होणार? (भुसावळ)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. त्या गटाला इंजिनाइतकीच आपल्या वडिलांची गरज आहे. पत्रा नवा आणता येतो, नळ्या नव्या करून घेता येतात. वाफेचे इंजिन प्रत्यक्ष चालवलेला माणूस मात्र आता कुठेही करून मिळत नाही.

त्यांना शिडी चढायला लावू नका. अंगणात खुर्ची टाका, समोर इंजिनाच्या केबिनचे मोठे छायाचित्र ठेवा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करा, आणि ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे न म्हणता एकेका वस्तूवर बोट ठेवून विचारा. हा नळ कधी उघडायचा? जाळ पातळ ठेवायचा की जाड, आणि चढावर काय करायचे? धूर काळा झाला तर कशाने, पांढरा झाला तर कशाने? खराब कोळसा आला तर शेगडी किती वेळा हलवायची? मे महिन्यात, जेव्हा भुसावळात बाहेरच ४५ अंश असतात, तेव्हा भट्टीसमोर पाणी कसे प्यायचे? उत्तरे त्यांच्या बोलीतच राहू द्या, प्रमाण मराठीत सुधारू नका.

पाण्याच्या काचेबद्दल अवश्य विचारा. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते ड्रायव्हरला केबिनमधल्या एका उभ्या काचेच्या नळीत दिसते. पाणी इतके उतरले की फायरबॉक्सचे छत उघडे पडले, तर खालून हजार अंशांहून अधिक उष्णतेचा जाळ आणि वर थंड करायला पाणी नाही, अशा स्थितीत पोलाद मऊ होऊन खाली येते. छतात बसवलेला शिशाचा प्लग ३२७ अंशांच्या सुमाराला वितळून वाफ जाळावर सोडतो, पण तो शेवटचा इशारा आहे. उमेदवारीत मी एका इंजिनावर काच अर्धी भरलेली पाहून निर्धास्त होतो. सोबतच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने काचेकडे क्षणभर रोखून पाहिले आणि खालचा नळ उघडला. फुर्र होऊन काच रिकामी झाली आणि पुन्हा भरलीच नाही. खालची वाट खारामुळे बंद होती आणि काचेत कधीचे तरी अडकलेले पाणी दिसत होते. त्यांना ते कशावरून कळले? जिवंत इंजिनाच्या काचेतले पाणी सारखे थरथरते, नाचते. ते पाणी स्तब्ध होते. ‘आधी पानी पाय (पाहा), मंग आग,’ एवढेच ते मला म्हणाले. आपल्या भागातील विहिरी आणि बोअरचे पाणी जड असल्यामुळे हा खार नव्या मंडळींनाही छळणार आहे, आणि काचेचे नळ दर पाळीला कसे तपासायचे, बॉयलर किती दिवसांनी धुवायचा, हे आपल्या वडिलांच्या बोटांना अजून आठवत असेल. जमल्यास त्यांना एकदा गाडीने इंजिनापर्यंत न्या. हात रेग्युलेटरच्या, म्हणजे सिलिंडरांकडे वाफ सोडणाऱ्या, दांड्यावर ठेवल्यावर, खुर्चीत न आठवलेले पुष्कळ आठवते.

त्यांच्या जुन्या डायऱ्या, हातकंदील, बिल्ला असे काही असेल, तर मूळ वस्तू घरातच ठेवा आणि गटाला त्यांची छायाचित्रे द्या.

प्रश्न : जाळ करण्याची परवानगी मिळेपर्यंत इंजिन दाबयुक्त हवेवर चालवून लोकांना दाखवावे, असे आमच्याकडे कोणी सुचवले आहे. पंक्चरवाल्याकडे असतो तसा कॉम्प्रेसर बॉयलरला जोडला तर चालेल का? (धुळे)

उत्तर : कल्पना चांगली आहे, जोडणी चुकीची आहे. हवेवर इंजिनाची चाके फिरू शकतात आणि काही ठिकाणी तसे केलेही जाते. परंतु न तपासलेल्या बॉयलरमध्ये हवा भरणे म्हणजे वर सांगितलेली पाण्याची परीक्षा नेमकी धोकादायक बाजूने घेणे होय. हवा दबते, शक्ती साठवते आणि फुटताना ती सगळी परत देते. बॉयलरची जोडणी पूर्णपणे सोडवून तो वेगळा ठेवावा. प्रमाणित, सेफ्टी व्हॉल्व्ह असलेल्या स्वतंत्र हवाटाकीतून, कमी दाबाने, हवा थेट सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाफेच्या नळीत सोडावी. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर त्याला पुरणार नाही. रस्त्याच्या कामावर असतो तसा मोठा, भाड्याचा कॉम्प्रेसर लागेल. त्याआधी सिलिंडर आणि व्हॉल्व्ह उघडून, गंज काढून, भरपूर तेल दिलेले असावे. वाफ येताना थोडा ओलावा तरी आणते, कोरडी हवा तेवढेही करत नाही. चाकांपुढे आणि मागे लाकडी अटकाव हवेत, दोन्ही बाजूंना दोरी बांधून लोकांना लांब उभे करावे, आणि हवा सोडणाऱ्या माणसाखेरीज कोणीही इंजिनावर चढू नये.

शिट्टीसाठीही हवा चालते. आवाज वाफेपेक्षा थोडा पातळ येतो, पण ओळखू येतो.